ओझे, चढ आणि कार्बोरेटर

अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकांचा लोभ धरणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळजण ती गाडी केवळ शोभेसाठी बाळगीत नाहीत. घोड्यांची, गुरांची, गवताच्या भाऱ्यांची किंवा सुटीत राहावयाच्या फिरत्या घरांची ट्रेलरे तिच्या मागे जोडावी आणि ती डोंगरापलीकडे सुखरूप न्यावी, हाच त्यांचा हेतू असतो. अशा गाडीचे इंजिन उकलून, सिलिंडर घासून, नव्या रिंगा आणि बेअरिंगे घालून पुन्हा उभे करताना बहुतेक गोष्टींचा निवाडा मोजमापच करून टाकते. घर्षणाने झिजलेला भाग किती झिजला हे मायक्रोमीटर सांगतो, आणि तो ठेवावा की काढावा हे कारखान्याच्या पुस्तकातील कोष्टक सांगते. परंतु सर्व जुळणी पुरी झाल्यावर सिलिंडरांना मिश्रण वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या माथ्यावर जी एक मोकळी जागा उरते, तिच्यावर कोणता कार्बोरेटर बसवावा, या प्रश्नापाशी आले म्हणजे शहाणीसुरती माणसेही अडखळतात. कारण त्या एका निवडीत इंजिनाचे गणित जितके असते, तितकीच माणसाची हौसही असते, आणि या दोहोंची ओढाताण त्या यंत्राच्या जन्मापासून चालत आलेली आहे. वेगाची आवड असणाऱ्यांनी कार्बोरेटरचा गळा पिढ्यानपिढ्या रुंद करून घेतला. ओझे ओढणाऱ्यांची गरज मात्र अरुंद गळ्याची होती आणि आजही तीच आहे. माझ्या मते जुन्या ट्रकाच्या कार्बोरेटरचा सारा इतिहास या दोन मागण्यांच्या झगड्याचा इतिहास आहे.

प्रारंभीच्या मोटारींत आजच्या अर्थाचा कार्बोरेटर नव्हताच. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा वाहू देऊन तिच्याबरोबर जितकी वाफ निघेल तितकी इंजिनात घ्यावयाची, अशी तजवीज होती; थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त, आणि चालकाच्या हाती फारसे काहीच नाही, असा तो कारभार होता. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, आणि त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने, इंधनाचा बारीक फवारा हवेच्या प्रवाहात सोडण्याची युक्ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. तिच्या मुळाशी जे भौतिक तत्त्व आहे, ते इटालियन पदार्थविज्ञानवेत्ता जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी याने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून विद्वानांना ठाऊक झाले होते: घाटाच्या खिंडीत शिरलेला वारा जसा मोकळ्या माळावरच्या वाऱ्याहून वेगाने धावतो, तशी नळीच्या आवळलेल्या भागात, म्हणजे गळ्यात, हवा वेग घेते, आणि वेग वाढला की तिचा दाब उतरतो. दाब उतरलेल्या त्या जागी इंधनाची तोटी ठेवली की वाटीतील पेट्रोल आपण होऊन वर खेचले जाते आणि हवेत विखुरते. या ओढीला कारागीर संकेत म्हणतात, आणि पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सर्व या संकेताच्या बळाबळावर अवलंबून आहे. गळा अरुंद असेल तर इंजिन मंद फिरत असतानाही संकेत बळकट असतो व इंधनाचे कण सूक्ष्म होतात. गळा रुंद केला तर वरच्या फेऱ्यांत हवा भरपूर मिळते, पण खालच्या फेऱ्यांत संकेत क्षीण होऊन पेट्रोल थेंबाथेंबांनी पडू लागते.

अमेरिकेत या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड गावचे जॉर्ज व अर्ल हॉले हे दोघे बंधू आणि सेंट लुईचा विल्यम कार्टर यांची नावे अग्रभागी येतात. हॉले बंधूंनी प्रथम स्वतःची छोटी मोटार काढून पाहिली, परंतु पुढे त्यांनी मोटार सोडून कार्बोरेटर धरला, आणि फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तो पुरविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. त्या काळचे कार्बोरेटर बहुधा इंजिनाच्या बाजूस, खालच्या अंगाला असत आणि मिश्रण त्यांच्यातून वर चढत असे. या रचनेत एक मोठा गुण होता: इंधन अतिरिक्त झाले तर ते खाली जमिनीवर गळे, इंजिनात शिरत नसे. पण जड इंधनाला वर उचलून नेण्यास हवेचा वेग सतत मोठा ठेवावा लागे, आणि त्यासाठी गळा अरुंद ठेवणे भागच पडे. १९२५ साली फोर्डने मॉडेल टीवर कारखान्यातच मागचा हौदा बसवून जी पिकअप विकावयास काढली, तिचे बळ आजच्या मानाने अगदी मामुली होते. तरीही शेतकऱ्याने तिच्या मागे गाडा जोडून तो ओढविला, कारण तिचे इंजिन मंद फेऱ्यांतच आपले जे काही बळ होते ते देत असे. अरुंद गळा ही त्या इंजिनाची लाचारी होती. परंतु ओझ्याच्या दृष्टीने ती लाचारी उपकारकच ठरली.

१९३० च्या आसपास कार्बोरेटर इंजिनाच्या माथ्यावर चढला व मिश्रण वरून खाली उतरू लागले. आता गुरुत्वाकर्षण साह्य करी, म्हणून गळा मोठा ठेवणे परवडू लागले, आणि मोटारींच्या वाढत्या वेगाला ते मानवलेही. ट्रक बनविणाऱ्या कारखानदारांनी मात्र येथेच हात आखडता घेतला. त्यांच्या गाड्यांना दिवसभर भार वाहावयाचा असे, चालक परका असे, आणि इंजिन फाटेपर्यंत पळविण्याचा मोह त्याला कधी होईल याचा नेम नसे. म्हणून पुष्कळ ट्रकांच्या कार्बोरेटरखाली गव्हर्नर बसविण्याचा शिरस्ता पडला, जो ठराविक फेऱ्यांपुढे थ्रॉटलची झडप आपोआप मिटवून घेई. या शिरस्त्याची कठोर परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. जनरल मोटर्सच्या जीएमसी कारखान्याने बनविलेला अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ट्रक, २७० घनइंचांचे सहा सिलिंडरी इंजिन घेऊन, मागे एक टनाचे ट्रेलर किंवा तोफ जोडून युरोपभर फिरला. नॉर्मंडीतून पुढे सरकलेल्या सैन्याला रसद पोचविण्यासाठी २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात जी रेड बॉल एक्स्प्रेस चालली, तिच्या चालकांत सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. ताशी २५ मैलांच्या मर्यादेचे फर्मान असतानाही रसदीची निकड जाणून त्यांनी पुष्कळ ट्रकांचे गव्हर्नर निकामी केले आणि दुप्पट ओझ्यानिशी गाड्या पळविल्या. त्यांच्या धैर्याविषयी मला आदरच वाटतो. पण गव्हर्नर काढला म्हणून गळा रुंद झाला नव्हता. ती इंजिने इतका जुलूम सोसू शकली याचे बरेचसे श्रेय त्यांच्या लहान, संयमी कार्बोरेटरांना द्यावे लागेल.

युद्ध संपले, आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड गाड्या पळविणाऱ्या तरुणांची हौस साऱ्या देशाची झाली. एकाच मॅनिफोल्डवर दोन-दोन, तीन-तीन कार्बोरेटर बसविण्याची रीत तेथून पसरली. १९५२ साली ब्यूइकने कार्टरचा चार नळ्यांचा कार्बोरेटर आपल्या मोठ्या गाडीवर आणला. १९५७ साली त्याच कार्टरचा ॲल्युमिनियमचा एएफबी आणि हॉलेचा ४१५० हे दोन नमुने बाजारात आले, आणि पुढील अर्धशतकाच्या पुष्कळ चार-नळी कार्बोरेटरांचे कुळ या दोहोंपर्यंत जाऊन पोचते. त्याच दशकात, १९५६ च्या कायद्याने, देशव्यापी राजमार्गांची बांधणी सुरू झाली. वॉली बायमच्या चकचकीत एअरस्ट्रीम घरांसारखी ट्रेलरे, जी १९३० च्या दशकात थोड्यांच्या मालकीची होती, ती आता सामान्य कुटुंबांच्या मागे धावू लागली. आणि ट्रक हा धंद्याचा असण्याबरोबर सहलीचाही झाला. येथे या इतिहासाला वळण लागले. ट्रकाचा मालक आता चालकही होता, रविवारी तो शर्यत पाहावयास जाई, आणि शर्यतीच्या गाडीवर जे दिसले ते सोमवारी आपल्या ट्रकावर असावे असे त्याला वाटू लागले.

या हौसेवर गणिताचा अंकुश ठेवणे कठीण नव्हते. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात आणि चार आघातांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पोटभर श्वास घेते. म्हणून इंजिनाचे घनइंच व मिनिटाच्या फेऱ्या यांच्या गुणाकाराला ३,४५६ ने भागिले की मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते निघते. जुन्या ट्रक इंजिनाचा श्वास कधीच पूर्ण भरत नाही, म्हणून त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा. ट्रेलर ओढणारे ३५० घनइंचांचे शेव्हरलेट इंजिन ४,००० फेऱ्यांपलीकडे क्वचितच नेले जाते; हिशेब केला तर त्याची गरज सुमारे ३२५ घनफुटांची येते. ४५४ घनइंचांच्या अजस्र इंजिनालाही त्याच फेऱ्यांत सुमारे ४२० घनफूट पुरतात, आणि फोर्डच्या प्रख्यात ३०० घनइंची सहा सिलिंडरी इंजिनाचे ३,५०० फेऱ्यांतले मागणे २५० च्या आतच राहते. असे असता ७५० आणि ८५० घनफुटांचे कार्बोरेटर या इंजिनांवर बसविलेले पाहिले म्हणजे मन खिन्न होते. यात आणखी एक फसगत आहे: चार नळ्यांच्या कार्बोरेटराची क्षमता पाऱ्याच्या दीड इंच दाबफरकावर मोजली जाते आणि दोन नळ्यांच्याची तीन इंचांवर, त्यामुळे ५०० घनफुटांचा म्हणून विकला जाणारा दोन-नळी कार्बोरेटर चार-नळीच्या मापाने जेमतेम ३५० चा भरतो. विक्रेत्याच्या पत्रकात हा तपशील ठळक अक्षरांत छापण्याची वहिवाट नाही.

ज्यांचा चरितार्थ ओझ्यावर होता त्यांनी हे गणित कागदावर कधी मांडले नसेल, पण ते जाणले होते. फोर्डचे वरील ३०० घनइंची इंजिन १९६५ पासून ट्रकांत बसू लागले आणि कार्बोरेटरच्या अखेरच्या दिवसांपर्यंत बहुतांशी एकाच नळीवर चालले. त्याच्यावर अधिक नळ्या बसवाव्यात असे कारखान्याला वाटले नाही, आणि शेतकऱ्यानेही तक्रार केली नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ३४५ घनइंची व्ही-८ वर हॉलेचा दोन-नळी सामान्यपणे आढळे. शेव्हरलेटने जड ट्रकांसाठी ३६६ व ४२७ घनइंचांची उंच ठोकळ्याची इंजिने काढली, त्यांच्या पिस्टनांना चार-चार रिंगा दिल्या, आणि कार्बोरेटर गव्हर्नरच्या बंदोबस्तात ठेवला. ही इंजिने कोणत्याही शर्यतीच्या इतिहासात सापडणार नाहीत, पण शाळांच्या बसगाड्या आणि धान्याचे ट्रक त्यांनी वर्षानुवर्षे वाहिले. मोठा गौरव त्यांच्या वाट्यास आला नाही, याची मला खंत वाटते.

अरुंद व रुंद या दोन्ही मागण्या एकाच देहात सामावून घेण्याचा सर्वांत बुद्धिमान प्रयत्न जनरल मोटर्सच्या रॉचेस्टर विभागाने १९६५ साली केला. त्यांच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरच्या पुढच्या दोन नळ्या केवळ १ ३/८ इंच व्यासाच्या आहेत आणि मागच्या दोन तब्बल २ १/४ इंचांच्या. सपाटीवर, अर्ध्या पायाने चालणारा ट्रक फक्त पुढच्या नळ्यांतून श्वास घेतो. तेथे एकात एक बसविलेल्या तिहेरी व्हेंच्युरींमुळे संकेत इतका बळकट असतो की मंद फेऱ्यांतही इंधन धुरासारखे विखुरते. चढ लागला, चालकाने पाय खाली दाबला, की मागच्या थ्रॉटलची झडप उघडते. पण तिच्यावर स्प्रिंगने आवळलेली आणखी एक हवेची झडप असते, जी इंजिन मागेल तितकीच उघडते. म्हणजे कार्बोरेटर साडेसातशे घनफुटांचा असला तरी तीनशे मागणाऱ्या इंजिनाला तो तीनशेच देतो. मिश्रणाचा बंदोबस्तही तितकाच कुशल आहे: इंधन मोजून सोडणाऱ्या जेटांच्या छिद्रांत निमुळत्या सळ्या लोंबतात, मॅनिफोल्डमधील निर्वात त्यांना खाली ओढून धरतो, आणि ओझ्याने निर्वात ढासळला की स्प्रिंग त्यांना उचलून इंधनाची वाट मोकळी करते. सपाटीवर हवेचे पंधरा भाग आणि इंधनाचा एक, चढावर साडेबारा-तेरास एक, असा बदल चालकाच्या नकळत घडतो. क्रायस्लरच्या गाड्यांवर कार्टरचा जो थर्मो-क्वाड येई, त्याने हीच लहान-मोठ्या नळ्यांची रचना घेऊन मधला भाग फिनॉलिक रेझिनचा केला, म्हणजे तापलेल्या इंजिनावरही पेट्रोल थंड राहावे. चढावर, मागे ट्रेलर असताना, वाटीतील पेट्रोल उकळून इंजिन गुदमरणे म्हणजे काय हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या योजनेचे मोल सांगावयास नको.

क्वाड्राजेटला दुर्लौकिक मिळाला हे खरे. त्याची इंधनाची वाटी लहान, खालच्या बुचांतून कधी गळती होई, फेसाच्या द्रव्याचा फ्लोट वर्षांनी पेट्रोल पिऊन जड होई आणि थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजून तेथून हवा शिरे. पण हे सर्व दोष म्हातारपणाचे आहेत आणि दुरुस्त होण्याजोगे आहेत. बुचे बंद करणे, फ्लोट बदलणे, दांड्याला नव्या बुशा घालणे ही कामे जाणता कारागीर एका बैठकीत उरकतो. रचनेचे अज्ञान मात्र सहजी दुरुस्त होत नाही, आणि ज्यांना ती उमगली नाही त्यांनी हजारो चांगली यंत्रे मोडीत घातली.

हॉलेचा मार्ग निराळा होता. तेथे पूर्ण ओझ्याच्या वेळी जास्त इंधन देण्याचे काम पॉवर व्हॉल्व्ह नावाचा एक पडदा करतो, आणि तो किती निर्वातावर उघडावा हे त्याच्यावर कोरलेला आकडा सांगतो. साडेसहाचा व्हॉल्व्ह पाऱ्याच्या साडेसहा इंचांखाली उघडतो. ट्रेलर ओढणाऱ्यासाठी हॉलेची निवड करताना मागच्या नळ्या यांत्रिक दांड्याने उघडणारा नमुना टाळावा आणि निर्वाताने उघडणारा घ्यावा, ही गोष्ट जुन्या कारागिरांत निर्विवाद आहे. ६०० घनफुटांचा तसा हॉले, किंवा एएफबीच्या वंशातला एडलब्रॉक, मध्यम आकाराच्या इंजिनाला पुरून उरतो. परंतु पठारी प्रदेशातील मालकाला येथे एक जास्तीचा विचार करावा लागतो. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांस वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे एका इंचाने उतरतो. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर आहे. तेथे उभ्या गाडीत मंद फिरणाऱ्या इंजिनाचा निर्वातही पाच इंचांनी कमी भरतो, म्हणून सपाटीवरचा पॉवर व्हॉल्व्ह तेथे नको तेव्हा उघडा राहतो. हवा विरळ असल्याने मिश्रणही गडद होते, आणि साधारण दर दोन हजार फुटांस जेट एका क्रमांकाने लहान करावे लागते. १९७३ साली खुला झालेला तेथल्या डोंगरांतला आयझेनहॉवर बोगदा तर ११ हजार फुटांहून उंच आहे. त्या चढावर काळा धूर सोडीत रखडणाऱ्या ट्रकाच्या इंजिनात बहुधा दोष नसतो. खालच्या मुलुखात जुळविलेले जेट घेऊन तो वर आलेला असतो.

१९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने व पुढे १९७३ च्या तेलटंचाईने कार्बोरेटरचा अंमल डळमळू लागला. मिश्रण मुद्दाम पातळ केले गेले, आणि पातळ मिश्रण ओझ्याखाली इंजिन तापविते, ठोके पाडते, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना जाळते. म्हणूनच त्या दशकातील ट्रकांचे मालक अधिक कष्टी झाले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी संगणकाने सळ्या हलविणारे कार्बोरेटर आले, तारांच्या आणि नळ्यांच्या जंजाळात ते हरवले, आणि दशक सरण्याआधी अमेरिकन ट्रकांत इंधनाचा नियंत्रित फवारा रूढ झाला.

आपल्याकडे हा अध्याय फार लवकर मिटला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला व १९५४ साली तो बंद केला, आणि त्याच १९५४ साली टाटांचे मर्सिडीज-बेन्झ डिझेल ट्रक जमशेदपुरात तयार होऊ लागले. डिझेलला कार्बोरेटर लागतच नाही. बोरघाट चढणारे पेट्रोलचे ट्रक त्यानंतर विरळ होत गेले. ही विद्या येथे राहिली ती महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जुळविलेल्या जीपगाड्यांच्या आश्रयाने. त्या जीपची युद्धकाळातील पूर्वज गाडी कार्टरच्या एका नळीवर चाले, आणि १३४ घनइंचांच्या त्या इंजिनाने मागे ट्रेलर ओढले ते याच अरुंद गळ्याच्या भरवशावर. जुन्या मिस्त्रींची त्या जातीच्या कार्बोरेटरविषयीची जाण अमेरिकेतल्या कारागिरांच्या तोडीची होती, असे माझे ठाम मत आहे.

आज अमेरिकेत ज्याला जुने ३५० किंवा ४५४ इंजिन ओझ्यासाठी बांधावयाचे आहे, त्याला मी क्वाड्राजेटच सांगेन. आणि तो जाणकाराकडून दुरुस्त करून घेण्याची सोय नसेल, तर सहाशेचा, निर्वाताने मागच्या नळ्या उघडणारा. मॅनिफोल्ड दुमजली व खालच्या फेऱ्यांचा असावा, क्वाड्राजेटसाठी तो लहान-मोठ्या भोकांच्याच घडणीचा असावा, आणि मधला जुळवणीचा तुकडा घालून चार सारख्या भोकांच्या मॅनिफोल्डवर क्वाड्राजेट बसविण्याचा हट्ट करू नये. मग ट्रेलर जोडावे, निर्वाताचा काटा समोर लावावा, नेहमीच्या चढावर नेहमीच्या गियरात गाडी न्यावी आणि काटा कोठे स्थिर होतो ते लिहून ठेवावे. माथ्यावर पोचताच इंजिन तेथल्या तेथे बंद करून प्लग काढून पाहावेत. टोकाचा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असला तर जेट राहू द्यावेत. तो पांढराफटक असला तर इंधनाची कंजुषी होत आहे. पुढचे जेट दोन क्रमांकांनी मोठे करून, ओझे न उतरविता, त्याच चढावर पुन्हा जावे.